दार नसलेला कोंडवाडा

हा गोल दगडी गडगा म्हणजे ऑल्डरविकचा कोंडवाडा. भिंत माझ्या खांद्याला लागते, आत नुसतं गवत, आणि दाराच्या जागी ही अशी फट. दगडात दोन लोखंडी बिजागऱ्या अजून आहेत, बघा हात लावून, पण त्यांच्यावर दार नाही. इथल्या कौन्सिलने मागे एकदा नवंकोरं लाकडी दार करून पाठवलं होतं. गावाने ते बसवू दिलं नाही. ट्रकवाला बिचारा माझ्या दुकानात चहा पिऊन दार घेऊन परत गेला.

या, जवळ या सगळे. आता मला मोठ्याने बोलवत नाही. मी अनसूया मोहिते. तुमच्या लेस्टरच्या मंडळाची बस दर वर्षी येते आणि दर वर्षी हे गाव मीच दाखवते. इथले लोक मला मिसेस मो म्हणतात, कारण मोहिते त्यांच्या जिभेवर बसत नाही. समोर टपालाचं आणि किराण्याचं दुकान दिसतंय ना, ते मी आणि माझ्या नवऱ्याने उभं आयुष्य चालवलं. पब कुठे आहे ते विचारू नका, पाटी सगळ्यांनी बसमधूनच बघितली आहे, चार वेढ्यांच्या दोराचं चित्र आहे ती. आधी गोष्ट, मग पब. आणि तू गं, निळ्या स्वेटरची, आत जाऊन उभी राहिलीस ती वारा लागत नाही म्हणूनच ना? राहा, तिथेच राहा.

कोंडवाडा तुमच्यातल्या निम्म्यांनी पाहिलाही नसेल. आमच्या कोरेगावकडे होता. आमची म्हैस एकदा कुणाच्या तरी उसात शिरली आणि तिला नेऊन कोंडली. आई भर उन्हात भिंतीशी जाऊन उभी राहिली. आतून म्हैस रेकत होती आणि बाहेरून आई. त्यामुळे या गावात आल्यावर पहिली ओळखीची गोष्ट दिसली ती हीच, आणि मला ती बघून काही आनंद झाला नव्हता. ते पुढे सांगते.

इथला कोंडवाडा फार जुना. कुणी चारशे वर्षं म्हणतं, कुणी सहाशे. राखणदाराला इथे पिंडर म्हणायचे. मोकाट जनावर गावाच्या शिवेत सापडलं की पिंडरने ते आणून इथे घालायचं. मग रोज सकाळी त्या दगडावर चढायचं, तो तळ्याकाठचा, मधोमध झिजलेला, आणि विचारायचं, “कोंडवाड्यात एक आहे. कुणाचं?” ज्याचं असेल त्याने “माझं” म्हणायचं, आणि तळ्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हणायचं. हळूच पुटपुटून चालायचं नाही. कारण एकदा माझं म्हटलं, की त्या जनावराने केलेली सगळी नासधूस त्याच्या माथी, आणि पुढे ते मरेपर्यंत जे काही करील तेही त्याच्याच माथी.

आणखी तीन नियम होते, तेवढे ध्यानात ठेवा, पुढे लागतील. आत घातलेल्या जनावराला पिंडरने उपाशी ठेवायचं नाही. एका दाव्याला बांधलेली जनावरं एकाच हाकेत सुटायची, त्यातलं एक नेतो आणि दुसरं ठेवतो असं नाही. आणि पिंडरने स्वतः किंवा त्याच्या घरातल्या कुणी, आतल्या कशालाही कधी माझं म्हणायचं नाही. हा शेवटचा नियम का, तर आधीचा एक पिंडर लोकांची कोकरं स्वतःच हाकून आत घालायचा आणि धनी येईना म्हणून स्वतःच घेऊन जायचा. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा ना. तेव्हापासून नव्या पिंडरने चर्चच्या दारावर हात ठेवून शपथ घ्यायची, की हाक आल्याशिवाय सोडणार नाही आणि स्वतः हाक देणार नाही.

तर असं सांगतात, की एका काळी ॲम्ब्रोज नावाचा माणूस इथे पिंडर होता. देवमाणूस होता असं कुणी म्हणत नाही. नियमाचा माणूस होता. सख्ख्या भावाची गाय कोंडली तर भावालाही ओरडायला लावायचा, आणि आवाज कमी पडला तर पुन्हा ओरड म्हणायचा. त्याची बायको जोन गावची सुईण. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण निम्मं गाव जोनच्याच हातांत जन्माला आलं होतं. तोंडाने फटकळ, हाताने हलकी. अशी बाई गावाला हवी असते आणि नकोशीही असते.

त्या टेकडीपलीकडे मेंढ्या चरतायत, तिथलं गवत उंचसखल दिसतंय? ते नेदरकोट. तिथे गाव होतं. एका उन्हाळ्यात तिथे रोग आला आणि पानगळ व्हायच्या आत गाव संपलं म्हणे. घरं खचली, त्यांच्यावर गवत आलं. तेच हे उंचवटे.

आणि मग थंडीच्या तोंडाशी एका सकाळी थॅकरच्या पेंढ्याच्या गंजीत एक मुलगी सापडली. आठ-नऊ वर्षांची. अंगावर मोठ्या माणसाचा सदरा. नाव विचारलं, सांगितलं नाही. गाव विचारलं, तिने नुसतं टेकडीकडे बघितलं. झालं. जमलेली माणसं एकदम चार पावलं मागे सरली.

हा गिल्बर्ट थॅकर म्हणजे त्यांचा पाटीलच म्हणा. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगते, नाहीतर गोष्ट सोपी होते. मुलीला परत पाठवावं तर तिकडे कुणी उरलेलं नाही, म्हणजे मरायलाच पाठवल्यासारखं. घरात घ्यावं तर रोग घरात येईल. थॅकरची सून एडिथ पोटुशी होती, मुलगा लोकरीच्या गाड्या घेऊन दूर गेलेला, घराची सगळी जबाबदारी म्हाताऱ्यावर. इकडे आड तिकडे विहीर. सगळे हिरवळीवर लांब लांब उभे राहून एकमेकांची तोंडं बघत होते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, की धनी नाही, शिवेत सापडलंय, शेतात शिरलंय, मग हे पिंडरचं काम.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बघा हं, त्यांना ती मारायची नव्हती, ठेवायचीही नव्हती. त्यांना फक्त ते आपण ठरवायला नको होतं. आणि नियम होताच ना तयार, बापजाद्यांपासूनचा.

ॲम्ब्रोज आला, लांब काठीने वाट दाखवत तिला घेऊन आला आणि दार उघडलं. म्हणतात की ती आपणहून आत गेली. आत पेंढा होता, वारा लागत नव्हता. तिला वाटलं असेल, कुणीतरी घर दिलं. मागे कडी पडल्यावर तिने वळून बघितलं म्हणे, आणि मग ती भिंतीला पाठ लावून खाली बसली.

मला दर वर्षी कुणीतरी विचारतं, काकू, भिंत चढून पळून का नाही गेली? भिंत तेव्हा आतापेक्षा हातभर जास्त उंच होती, हे एक. आणि चढून जाणार कुठे? भिंतीच्या बाहेर गावच होतं.

दुसऱ्या सकाळी ॲम्ब्रोज दगडावर चढला. “कोंडवाड्यात एक आहे. कुणाचं?” तळ्याभोवतीची दारं एकेक करून लागली. तिसऱ्या सकाळी तेच, चौथ्या सकाळी तेच. दया सगळ्यांना येत होती. भिंतीवर कुणी पाव ठेवून जायचं, कुणी जुनी घोंगडी लांबूनच आत फेकली. माझं मात्र कुणी म्हणेना. म्हटलं तर ती जन्माची गळ्यात, आणि तिच्याबरोबर जे काही येईल तेही. हळूहळू लोक हिरवळीच्या कडेने जायला लागले, कोंडवाड्याजवळून जायला नको म्हणून. चर्चला जायची ती वाकडी पायवाट आहे ना, ती तेव्हा पडली असं सांगतात. सरळ रस्ता असताना वाकडी वाट कशी पडते ते त्यावरून समजा.

मग दंव पडायला लागलं. सकाळी पेंढा पांढरा दिसायचा आणि मुलीचे ओठ निळे. ॲम्ब्रोज नियमाप्रमाणे पाणी द्यायचा, चारा द्यायचा, आणि चाऱ्यात गरम भाकरीसारखा त्यांचा तो जाड पाव लपवून द्यायचा. तेवढं नियमात बसत होतं. त्याच्यापुढे त्याला जाता येईना.

घरी जोनने त्याला धारेवर धरलं. दार उघड म्हणाली. तो म्हणाला, हाक आल्याशिवाय नाही. मी देते हाक म्हणाली. तो म्हणाला, तू माझ्या घरातली, तुझी हाक चालत नाही. तिने विचारलं, मग त्या पोरीने गोठून मरायचं का? यावर त्याने जे सांगितलं ते इथले लोक अजून सांगतात, कारण त्यातही खोटं काही नव्हतं. तो म्हणाला, “आज हिच्यासाठी शपथ मोडली, तर उद्या थॅकर आपल्या मेंढ्यांसाठी मोडायला लावील. मग गरिबाच्या गाईला कोण?”

जोन म्हणाली, “तुझ्या शपथेला ऊब आहे का रे? असेल तर तीच नेऊन पांघर तिला.”

सकाळी तिने पाण्याची बादली उचलली, तुझं काम मी करते म्हणाली, आणि किल्ली घेऊन निघाली. कोंडवाड्यात गेली, बादली खाली ठेवली आणि दार आतून ओढून घेतलं. कडी बाहेरच्या बाजूला होती, ती आपोआप पडून कुलूप लागलं. किल्ली तिने भिंतीवरून नवऱ्याच्या पायाशी टाकली. मग कमरेच्या ॲप्रनची लांब नाडी सोडली, एक टोक मुलीच्या मनगटाला बांधलं, एक स्वतःच्या. आणि मुलीला शालीत घेऊन पेंढ्यावर बसली.

आता ॲम्ब्रोजची दशा बघा. रोजचा दगड, रोजची वेळ. त्याने वर चढून विचारलं, “कोंडवाड्यात दोन आहेत. एका दाव्याला. कुणाची?” आणि जगात एकच माणूस माझी म्हणू शकत होता, तो दगडावर उभा राहून प्रश्न विचारत होता. म्हणतात की त्याचा आवाज फाटला, पण प्रश्न त्याने पुरा केला. आतल्या दोघी भिंतीत अडकल्या होत्या, आणि हा उघड्या हिरवळीवर. मला विचाराल तर सगळ्यात घट्ट तोच अडकला होता.

लोक आधी हसले. सुईणबाईचं डोकं फिरलं म्हणाले. थॅकरने येऊन दमात घेतलं, बाहेर ये म्हणून. जोन म्हणाली, मी पण शिवेतच सापडलेय, बाहेर काढायचं तर कुणीतरी माझी म्हणा. पण दुसऱ्याच्या बायकोला माझी कोण म्हणणार? आणि म्हटलं तरी दावं एक, म्हणजे मुलगी बरोबर आलीच. थॅकर दाढी खाजवत घरी गेला. गावाने आपला नियम एवढा चोख करून ठेवला होता, की आता त्यात शिरायला गावालाच फट सापडेना.

असे काही दिवस गेले. दिवसेंदिवस थंडी वाढत होती. जोन खोकायला लागली. बायका भिंतीवरून कढण द्यायच्या आणि खाली मान घालून परत जायच्या. कुणाचं मूल तापलं, कुणाची गरोदर सून घाबरली, सगळ्यांना जोन हवी होती, आणि जोन वीस पावलांवर होती. कुणाची हाक मात्र निघेना.

आणि मग थॅकरच्या सुनेचे, एडिथचे दिवस भरले. बर्फाचा पाऊस पडत होता त्या दुपारी. कळा सुरू झाल्या त्या काही केल्या पुढे सरकेनात. शेजारणींनी पोट चाचपलं, मूल आडवं होतं. थॅकर धावत कोंडवाड्याशी आला. ॲम्ब्रोजला म्हणाला, घटकाभर दार उघड, नंतर हवं तर पुन्हा घाल तिला आत. ॲम्ब्रोजच्या हातात किल्ली होती. तो म्हणाला, “हाक दे, गिल्बर्ट. मी उघडायलाच उभा आहे.”

एका शब्दाचं तर काम होतं. पण तो शब्द बोलायचा म्हणजे नेदरकोटची मुलगी त्याच घरात न्यायची, जिथे सून बाळंत होणार. म्हाताऱ्याच्या तोंडून तो निघेना. त्याने जोनलाच हात जोडले, दावं सोड आणि एकटी ये म्हणाला. जोनही त्या वेळी रडत होती असं सांगतात. तिला काय एडिथची काळजी नव्हती? एडिथही तिच्याच हातांत जन्मलेली. पण ती म्हणाली, आज मी हे दावं सोडलं तर ही पोर पुन्हा कुणाचीच नाही. अडला हरी म्हणतात ना, तसा तो थॅकर गारांत उभा राहिला. मग शेजारणींना विचारायला म्हणून घराकडे वळला.

तेवढ्यात समोरून एडिथच आली. एका हाताने पोट धरलेलं, दुसऱ्याने कुंपण. कळ आली की थांबायची, गेली की चालायची. सासऱ्याकडे तिने बघितलं नाही. पिंडरपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी शिवेत मोकाट फिरतेय. मला आत घे.”

आत घालायला पिंडरला कुणाची हाक लागत नव्हती. ॲम्ब्रोजने दार उघडलं. असं म्हणतात की ते उघडताना तो पहिल्यांदाच रडला. एडिथ आत गेली, दार लागलं, आणि जोनने नाडीचा एक वेढा तिच्या मनगटाला टाकला.

मग जे झालं ते या भिंतीच्या आत झालं, पुरुषांनी पाठ फिरवली. गावच्या बायका मात्र आता कडेने जाईनात. सगळ्या भिंतीला येऊन भिडल्या, शाली आणि चादरी वर धरून छप्पर केलं, गरम पाण्याची भांडी हातोहात आत गेली. एडिथचं डोकं त्या मुलीने मांडीवर धरलं होतं. रोगाची म्हणून जिला गाव लांबून पाव टाकत होतं, तिचा हात एडिथने असा आवळला, की नखांचे वण तिला जन्मभर होते म्हणतात. जोनने मूल फिरवलं. कसं फिरवलं ते मला विचारू नका, मी दुकान चालवलंय. अंधार पडायच्या आत रडणं ऐकू आलं.

ॲम्ब्रोजने सकाळची वाट बघितली नाही. तसाच त्या ओल्या दगडावर चढला. “कोंडवाड्यात चार आहेत. एका दाव्याला. कुणाची?” कारण जोनने नाडीचा शेवटचा वेढा बाळाच्या पायाला टाकला होता.

थॅकर म्हणाला, “माझी.”

पण घशातल्या घशात म्हणाला. ॲम्ब्रोजने त्याच्याकडे बघितलं आणि सांगितलं, तळ्यापलीकडे ऐकू गेलं नाही. मेला नियमाचा माणूस तो नियमाचाच. पण त्या दिवशी तो नियम उपयोगाला आला. कारण थॅकरने छाती भरून घेतली आणि “माझी” म्हणून असा ओरडला की तळ्यातली बदकं उडाली. आणि तळ्याच्या त्या बाजूने, जिथे दारं लावून घेत होते तिथून, कुणा म्हातारीचा आवाज आला, “आमची.” मग दुसऱ्या दारातून आला, तिसऱ्या दारातून आला, आणि मग सगळं गावच ओरडायला लागलं.

एडिथला चालवत नव्हतं. न्यायला काहीतरी हवं होतं. तेव्हा चौघांनी ते दार बिजागऱ्यांवरून उचलून काढलं, आडवं केलं, त्यावर पेंढा घातला आणि बाळ-बाळंतिणीला त्याच्यावरून घरी नेलं. एका बाजूला जोन, एका बाजूला ती मुलगी, दोघी दाव्याने बांधलेल्या, चालत होत्या. ते दार परत कधी आलं नाही. चर्चच्या पुढच्या पडवीत जाडजूड फळ्यांचा बाक आहे, तो त्याचाच. मगाशी तुमच्यातले तिघे त्याच्यावर बसून सँडविच खात होते.

आता नियमाने बघितलं तर जोन थॅकरची झाली. हसू नका, खरंच झाली. ॲम्ब्रोजला थॅकरच्या दारात जाऊन स्वतःची बायको मागावी लागली. आणि जोन म्हणे वसंत येईपर्यंत गेली नाही. तू शपथ मोडली नाहीस हे बरोबर केलंस म्हणाली, आणि तरी मी तुझ्यावर रागावले आहे, हेही बरोबर आहे. त्याने कोंडवाड्याची किल्ली तळ्यात टाकली. पोरं अजून उन्हाळ्यात पाणी कमी झालं की शोधतात.

त्या मुलीला रोग नव्हताच. ती थॅकरच्या घरात वाढली. तिने आपलं जुनं नाव कधीच सांगितलं नाही. ॲम्ब्रोज थकल्यावर दगडावर ती उभी राहायला लागली. कोंडवाड्याला दार नाही, आत जनावर नाही, तरी थंडीच्या पहिल्या रविवारी ती वर चढून विचारायची, “कोंडवाड्यात एक आहे. कुणाचं?” आत काही नाही हे सगळ्यांना दिसत असायचं. तरी गावाने म्हणायचं, “आमचं.” असेल-नसेल ते बघायचं नाही. आधी म्हणायचं, मग बघायचं.

मी या गावात आले ती लग्न होऊन, कोरेगावहून थेट. शाळेत इंग्रजी शिकले होते, पण इथलं इंग्रजी कानाला लागेना. नवरा दिवसभर दुकानात, मी वरच्या खोलीत. खिडकीतून हेच दिसायचं, हिरवळ, तळं, कोंडवाडा. कुणी वाईट वागलं नाही. गिऱ्हाइकं छान हवा आहे म्हणायची आणि जायची. महिनोन्महिने माझ्याशी कुणी दुसरं वाक्य बोललं नाही. मी आईला पत्रात सगळं उत्तम म्हणून लिहायचे आणि न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. ट्रंक भरून ठेवली होती. परत जायचं नक्की केलं होतं, नवऱ्याला सांगायचं तेवढं बाकी होतं.

एका रविवारी हिरवळीवर गर्दी दिसली म्हणून खाली उतरले. वारा असा, की शालीतून हाडापर्यंत जात होता. आडोसा म्हणून मी या फटीतून आत शिरले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मला काय माहीत कसला दिवस आहे. दगडावर एक बाई चढली, काहीतरी ओरडली. आणि सगळं गाव एकदम माझ्याकडे वळून ओरडलं. मला वाटलं, कोंडवाड्यात सापडले, आता हाकलतायत. मी पळत सुटले ती घरात जाऊन कडी लावली.

संध्याकाळी दार वाजलं. दगडावरची तीच बाई, मिसेस पेंबर्टन, हातात केक. आत आली, माझ्या भरलेल्या ट्रंकेवरच बसली आणि सावकाश, मला कळेल अशा शब्दांत, तिने ही गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाली, दर वर्षी आम्ही मोकळ्या भिंतीला ओरडतो, यंदा आत खरंच कुणीतरी होतं, आम्हालाच भरून आलं. ट्रंक मी तिच्यादेखत रिकामी केली. खूप रडले, आणि नळ सोडला नाही.

आजही थंडीच्या पहिल्या रविवारी ऑल्डरविक इथे जमतं. पेंबर्टनबाई गेल्यापासून दगडावर मी चढते. माझ्या तोंडचं ते इंग्रजी ऐकून लहान पोरं हसतात, पण उत्तर तळ्यापलीकडे जातं. दार आजही बसवू देत नाहीत, ते का, हे आता तुम्हाला कळलं.

आणि आता जरा माझा हात धरा कुणीतरी. हा दगड ओला आहे, मला एकटीला चढवत नाही. तो रविवार आज नाही, माहीत आहे मला. पण ती निळ्या स्वेटरची मुलगी बसमधून उतरल्यापासून मी बघतेय. कुणाची नवी सून आहे, कुठून आली आहे, मला ठाऊक नाही. तुम्ही सगळे एकमेकांचे फोटो काढताय, डबे उघडताय, आणि तिच्याशी कुणी दुसरं वाक्य बोललेलं मी ऐकलं नाही. ती आत गेली ती वाऱ्यासाठी नाही. वाऱ्यासाठी गेलेलं माणूस असं भिंतीला पाठ लावून उभं राहत नाही, बाई. नको, डोळे पुसू नकोस, आणि बाहेरही येऊ नकोस इतक्यात.

हं. धरलंत ना नीट?

“कोंडवाड्यात एक आहे. कुणाचं?”

का हो मंडळी, मूग गिळून बसलात? तळ्यापलीकडे ऐकू गेलं पाहिजे.